खारूचं फॉरेन

३ फेब्रुवारी, सोमवार

खारू फॉरेनला चालली. आधी ते लिहून टाकते, कारण माझं कसं आहे, सांगायला बसावं एक आणि निघतं दुसरंच.

खारू म्हणजे माझी नात. कागदोपत्री नाव वेगळं आहे. लहानपणी घड्याळ म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, हाती लागेल ते उघडायची आणि स्क्रू गालात धरून बसायची, म्हणून खारूताई. आता एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. कुणाचा बंद पडला, कुणी पासवर्ड विसरला, की हिला हाक. तिचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा आणि सून, दोघं लांब धरणाच्या कामावर. म्हणून ती माझ्याकडे राहते, का मी तिच्याकडे राहते, हे आता सांगणं कठीण आहे.

ही डायरी तिचीच, ऑफिसातून फुकट मिळालेली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर मशीनशी बोलतेस, त्यापेक्षा हिच्याशी बोल." मी म्हटलं, "म्हणजे मशीनला वाईट वाटेल ते वेगळंच." शाळा माझी चौथीपर्यंत, तीही बरीचशी मधल्या सुट्टीत. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कुणी बघू नये.

तर झालं असं. मी एका पॅन्टची चेन बदलत होते, मशीन चालू. खारू आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आजी, मी फॉरेन" आणि पुढचं मशीनने खाल्लं. पाय थांबवला तोवर ती न्हाणीघरात. मी दाराबाहेरून विचारलं, "किती दिवस गं?" आतून म्हणाली, "एक वर्षाचं आहे. पण नक्की नाही अजून, कुणाला सांगू नकोस."

माझ्या नातीला फॉरेनला बोलावलंय आणि म्हणे सांगू नकोस.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुणालाही सांगितलं नाही. फक्त वरच्या नर्सबाईंना, कारण त्या रिटायर झाल्यापासून जिन्यातच असतात. आणि खालच्या औषधवाल्याला, कारण त्याने विचारलं, "आजी, आज खुशीत?" आता खोटं कसं बोलणार? तिसरा किल्लीवाला. त्याचा शर्ट उसवला होता. शर्ट देताना काहीतरी बोलावंच लागतं.

नर्सबाई म्हणाल्या, "बाजारात तुरी अन् तुमची फोडणी. व्हिसा झाला का?" मी म्हटलं, "हुशार मुलीला कसला व्हिसा?"

आज दुपारी खारूचा ऑफिसातून फोन. "काय करतेस आजी?" रोज करते. मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडलं, त्यानंतर हे सुरू झालं. "काय करणार, शिवतेय." "बरं." इतकंच, आणि ठेवला. तिला ऑफिसात फारसं काम नसावं. कंपनीचं कसं चालतं देव जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दोन्ही कागद बघितले. खारूने माझ्या कापायच्या टेबलावर मांडले, मला कात्री बाजूला करायला लावली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. दोन्हींवर एकच नाव. कॉम्प्युटर फॉरेन शिक. इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात ते किती बरं. फॉरेन शिक, म्हणजे फॉरेनला जाऊन शिक. लहान मुलालाही कळेल.

एक छोटं सर्टिफिकेट. त्याला प्रोफेशनल म्हणतात. चारसहा महिन्यांचं, संध्याकाळी घरी बसून कॉम्प्युटरवर करायचं, शेवटी परीक्षा. नोकरी सोडावी लागत नाही. म्हणजे फॉरेनच तारेतून घरी येतं. दुसरं मोठं, ग्रॅज्युएट सर्टिफिकेट. ते युनिव्हर्सिटीचं, वर्षभर तिथे राहून.

मी घाबरले. म्हटलं, "अगं पण तू ग्रॅज्युएट आहेस की. मी तुझ्या टोपीचा गोंडा शिवला होता, समारंभाच्या सकाळी तुटला तेव्हा. परत ग्रॅज्युएट कशाला? पहिलं रद्द केलं का त्यांनी?"

"नाही गं आजी. ग्रॅज्युएट झाल्यावर करायचं ते. मास्टर्सच्या अलीकडचं. पुढे मास्टर्स करावंसं वाटलं तर यातले विषय त्यात धरतात."

"म्हणजे बाही आत्ता शिवायची, आणि मन झालं तर पुढे तीच झग्याला लावायची."

"हो. तसंच."

"आणि छोटं?"

"छोटं म्हणजे... छोटं म्हणजे नुसती बाही. चांगली असते, लगेच वापरता येते. खूप लोक करतात."

"मग तुला कुठलं हवं?"

तिने मोठ्या कागदाची घडी घातली, मग उलगडली, मग परत त्याच घडीवर घातली. "ते पाच तासांवर आहे, आजी."

पाच तास. मी विमानाचे धरले. फॉरेन इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "मग काय, खिडकीची जागा घे." तर हसलीच नाही. अर्ज महिनाअखेरपर्यंत भरायचा आहे म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तिने मला ती गोष्ट सांगितली, जी ती महिनाभर गिळून बसली होती. मी तिची जीन्स आखूड करत होते आणि ती समोर स्टुलावर.

तिच्या ऑफिसात एक कारकून बाई आहेत, होत्या म्हणायचं. त्यांच्या कॉम्प्युटरमधले काही आकडे कुणीतरी बदलले. बाई म्हणाल्या, मी नाही केलं. साहेबांनी खारूला म्हटलं, जरा पटकन बघून सांग. हिने पटकन बघितलं. कॉम्प्युटर चालू केला, एकेक फाइल उघडली, मदत व्हावी म्हणून दोनचार जागच्या जागी ठीकही केल्या. आणि त्या कॉम्प्युटरचं असं असतं की हात लावला की आतल्या तारखा बदलतात. मग खरी चौकशी करणारे आले तेव्हा सगळीकडे हिच्याच दिवसाची तारीख. आधी कुणी काय केलं होतं त्याचा माग पुसला गेला. बाईंचं म्हणणं खरं होतं हे ठरवता आलं नाही. त्यांनी नोकरी सोडली. जाताना हिला म्हणाल्या, "तू माझ्यासाठीच बघत होतीस गं."

"त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," खारू म्हणाली.

मला आपलं कापडच कळतं. मी म्हटलं, "डाग पडला की माणूस आधी घासतो. चांगल्या मनानेच घासतो. आणि तो पसरतो."

"मला न घासता डाग बघायला शिकायचंय, आजी. आधी हुबेहूब नक्कल काढतात, मूळ वस्तू बाजूला ठेवतात, आणि जे काय बघायचं ते नकलेवर. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली त्याची सोबत चिठ्ठी. आणि मग कोर्टात उभं राहून सांगायचं. छोट्यात यंत्र चालवायला शिकवतात. मोठ्यात कायदाही असतो, वकील उलटसुलट विचारतील तेव्हा काय बोलायचं तेही."

चिठ्ठीचं ऐकून मला मजा वाटली. माझ्याकडेही कपडा आला की चिठ्ठी टाचायची पद्धत आहे. कुणाचा, काम काय, कधी हवा. एकदा चिठ्ठी गळाली तर जाडसर गृहस्थांचा कोट बारीक गृहस्थांना गेला आणि ते तोच घालून मुलाखतीला गेले. नोकरी मिळाली त्यांना, तो भाग वेगळा. आणि एक शिकले आयुष्यात. "कधी हवा" विचारल्यावर जो म्हणतो "घाई नाही", तो दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. जो "लगेच हवा" म्हणतो तो महिनाभर फिरकत नाही. खारूला हे सांगितलं तेव्हा कुठे हसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खारू तिच्या आईशी फोनवर बोलत होती, गॅलरीत. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण खिडकी उघडी होती आणि दोरा ओवायला उजेड तिथेच असतो.

"नाही आई, छोटंच करते... हो, घरी बसून होतं... नाही, ती कारण नाहीये. खरंच नाही... मनगट बरंय... हो, कालच न्हाणीघरात रबराची चटई टाकली."

ती कारण नाही म्हणाली. कोण ती? ऑफिसातली कुणीतरी असणार. त्या ऑफिसात माणसं बरी नाहीत.

चटई छान आहे, निळी. पायाला गुदगुल्या होतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळा उलगडा झाला. खारू फॉरेनला का कचरतेय ते आज मला कळलं. एक चष्मेवाला आहे.

तिच्याच ऑफिसातला, तिच्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचा. आज घरी आला. उंच, केस विस्कटलेले, शर्टाचं बटण लोंबतंय. मी म्हटलं, "बस, आणि शर्ट इकडे दे." बिचारा बनियनवर बसला, माझं टाचणं होईपर्यंत. लाजत होता. ते मी चांगलं लक्षण धरलं.

खारू चहा टाकायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही तिला समजवा. अशी संधी पुन्हा येत नाही."

स्वतःला संधी म्हणवतो. आवडलं मला. आमच्या वेळी मुलगे तोंड उघडत नसत.

मी म्हटलं, "तुझं वय काय?"

"सदतीस. पण माझं काय त्यात?" 

"घरी कोण असतं?"

"बायको आणि दोन मुली." 

मी बटणाचा दोरा दाताने तोडला तो जरा जोरातच. मग तो म्हणाला, "तिने मोठंच सर्टिफिकेट करावं, आजी. मी छोटं केलं. पोट भरतं माझं, तक्रार नाही. पण तिचं डोकं वेगळं आहे. त्या बाईंच्या प्रकरणात मला जे आठवड्यानंतर कळलं ते हिला स्वतःलाच दुसऱ्या दिवशी कळलं, की आपण कुठे चुकलो. ती तुम्हाला सोडून जात नाहीये."

"मला सोडून म्हणजे? मी कुठे विमानात बसतेय?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. तेवढ्यात चहा आला.

बटण घट्ट लावून दिलंय. चांगला माणूस, लग्न झालेला. म्हणजे उलगडा झाला म्हटलं तो झालाच नाही. वरची ओळ खोडावी का? राहू दे, हात दुखतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नर्सबाई आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमची नात सातासमुद्रापार, आणि तुम्ही इथे न्हाणीघरात पालथ्या. कुणाला कळणार? मला एक चावी द्या."

मी म्हटलं, "चावी एकच जादा आहे, ती हरवलीय."

"मग किल्लीवाल्याकडून नवी करून घेते. मी जन्मभर लोकांना उठवलं, गोळ्या दिल्या, आता सकाळी उठून कुणाला उठवू? नवऱ्याला? तो मेला वरती गेला त्याला काळ झाला. रोज सकाळी येणार मी. चहा तुमच्याकडे. साखर माझी मी आणीन, तुमचा हात आखडता आहे."

खारूला सांगितलं नाही. फॉरेनच्या तयारीत तिचं डोकं आधीच भरलेलं. अर्ज अजून टेबलावर तसाच. मोठ्या कागदावर छोटा ठेवलाय तिने. झाकल्यासारखा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस लिहायला दोन पानं लागली तर लागू देत.

सकाळी खारू अर्ध्या दिवसासाठी ऑफिसात गेली. जाताना म्हणाली, "आजी, आज संध्याकाळी छोट्याचा अर्ज भरून टाकते. संपला विषय." आणि माझ्या गालाला गाल लावून गेली. मला वाटलं, फॉरेन घरी येतंय तर चांगलंच, ही पण घरी राहील. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिच्या गालाला गाल लागला तो ओला होता.

दुपारी किल्लीवाला आला. हातात चावी आणि काखेत एक स्टीलची दांडी. म्हणाला, "चावी नर्सबाईंची. दांडी न्हाणीघरात लावायची, धरायला. पैशाचं बोललात तर शर्ट परत देतो, पुन्हा उसवून." लागला भिंतीला भोकं पाडायला. नर्सबाई चटई धुवून बाजूला धरून उभ्या आणि त्याला शिकवताहेत, अजून वर, अजून खाली. तेवढ्यात औषधवाला वर आला, आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी घेऊन. "दर शनिवारी मी भरून आणत जाईन, आजी. ती नसली तरी."

अशा त्या गोंधळात खारू दारात.

औषधवाला म्हणाला, "या या. फॉरेनला निघालात म्हणे. अभिनंदन."

"कोण?"

"तुम्ही."

खारूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तूच तर सांगितलंस. कागदावर पण आहे की. कॉम्प्युटर फॉरेन शिक."

ती भिंतीला टेकली, मग घसरत खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायची, परत हसायची. "फॉरेन्सिक, आजी. एक शब्द आहे तो. गुन्ह्याचा माग काढायचा, कोर्टासाठी. फॉरेनचा काही संबंध नाही. पाच तास म्हणजे बसने गं. बसने."

नर्सबाई म्हणाल्या, "वा आजी. ध चा मा ऐकला होता. तुम्ही तर अख्खी मुलगी समुद्रापार पाठवलीत."

किल्लीवाला न्हाणीघरातून डोकं काढून म्हणाला, "म्हणजे बसने? मग चाललीय कधी?"

"कुठेच नाही," खारू म्हणाली. "मी घरीच राहतेय. छोटं करतेय."

"का?"

तिने माझ्या मनगटाकडे बघितलं, मग दांडीकडे, मग डबीकडे, मग नर्सबाईंच्या हातातल्या नव्या चावीकडे. चटईतून पाणी ठिबकत होतं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच काहीतरी विसरलेय.

आणि तेव्हा मला कळलं, कोण ती. हळू कळलं, पण कळलं.

किल्लीवाला म्हणाला, "मग दांडी काढू का? दोनच भोकं पडलीत."

नर्सबाई म्हणाल्या, "काढून बघ. ही जावो न जावो, मी रोज चहाला येणार. माझं ठरलंय. उगाच घरात दोन दोन जणी माझ्या आजींवर लक्ष ठेवायला नकोत, गर्दी होते."

मी खारूला म्हटलं, "बघ बाई. मी चुकीचं ऐकलं, पण तयारी बरोबर झालीय. आता ती वाया घालवतेस का?"

खारू उठली. न्हाणीघरात गेली, दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन टाकून ओढून बघितली.

"तिसरं भोक पण पाडा," म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठ्याचा अर्ज गेला. बटण तिने दाबलं, मी तिच्या कोपराला हात लावून बसले होते. आत कशासाठी शिकायचंय ते लिहायचं असतं. तिने त्या कारकून बाईंचं लिहिलं, स्वतःची चूक धरून. मी म्हटलं, "स्वतःची चूक सांगितलीस तर घेतील का?" म्हणाली, "न लपवणारेच हवे असतात त्यांना."

मग तिने त्या बाईंना फोन केला. काय बोलली ते मला कळलं नाही. दोरा ओवलेला होता, खिडकीशी जायला काही निमित्तच नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

घेतलं तिला. मी यावेळी खरंच कुणाला सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

१५ जून, रविवार

सकाळी बसस्टँडवर गेलो. मी, नर्सबाई, आणि चष्मेवालाही आला, बायकोमुलींना घेऊन. त्याचं बटण अजून घट्ट आहे, मी ओढून बघितलं. 

रात्रभर विचार केला होता, हिला काय द्यावं. मग सकाळी नेहमीची चिठ्ठी लिहिली आणि तिच्या पिशवीच्या बंदाला टाचली. कुणाची: आजीची. काम: शिकून येणे. कधी हवी: घाई नाही.

तिने ती बसच्या दारात वाचली. म्हणाली, "आजी, घाई नाही म्हणणारी गिऱ्हाइकं कशी असतात, तूच सांगितलंयस मला."

मी म्हटलं, "चढ बाई, मागची माणसं खोळंबलीत." मागे कुणीच नव्हतं.

घरी आले. चटईवर पाय ठेवून, दांडी धरून हातपाय धुतले. नर्सबाईंनी चहा केला, साखर त्यांची, म्हणून दोन चमचे जास्त घातली. एक पॅन्ट आलीय, तिची चेन बदलायचीय. मशीनवर बसले, पण पाय चालेना. मग दुपारी मीच फोन लावला.

"काय करतेस गं?"

"बसमध्ये बसलेय, आजी. काय करणार?"

"बरं," म्हटलं, आणि ठेवला.

ऑफिसात काम नसलं की माणसं असा फोन करतात, असं मला इतके दिवस वाटायचं.